गाडी उंच, ॲव्हरेज खाली!

कुठल्याही कॉलेजच्या गेटबाहेर दहा मिनिटं उभे राहा. एखादी तरी थार येतेच. त्यातली एखादी अशी असते, की आत बसायला अक्षरशः लोंबकळत चढावं लागतं. खाली ट्रॅक्टरची आठवण यावी असे टायर, त्यावर हातभर पोकळी आणि तिच्यावर गाडी. रील बनते, लाइक्स पडतात आणि मग ग्रुपवर प्रश्न सुरू होतात. "भावा, लिफ्ट किती इंचांची? टायर कुठले? टोटल किती गेले?"

ॲव्हरेज किती देते, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "थार घेणारा ॲव्हरेज बघत नाही." डायलॉग भारी आहे. पण तो मारणाऱ्या बऱ्याच जणांचं डिझेल बाबांच्या यूपीआयवरून भरलं जातं, हा तपशील रीलमध्ये येत नाही.

लिफ्ट किट किंवा मोठे टायर वाईट आहेत, असं मी म्हणत नाहीये. ती अवजारं आहेत. चिखलात, दगडधोंड्यांत त्यांचं काम आहे. पण तुमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस शहरात आणि महिन्यातून दोनदा हायवेवर पळत असेल, तर हा खर्च एकदाचा नाही, एवढं आधी समजून घ्या. गॅरेजवाला बिल एकदा देतो, पंपवाला दर आठवड्याला. आणि गंमत म्हणजे, त्या टायरांमुळे हे बिल नेमकं किती वाढलं, ते तुमच्या गाडीचा मीटर तुम्हाला नीट सांगतच नाही.

आधी हवेबद्दल बोलू. शाळेत वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो हे पाठ केलं होतं, आठवतंय? पेपर झाला आणि आपण विसरलो. गाडी विसरत नाही. चौकोनी, खोक्यासारख्या एसयूव्हीचं ढोबळ गणित मांडलं तर ताशी 50च्या वेगाला हवा कापायला लागणारा जोर आणि टायर फिरवायला लागणारा जोर साधारण बरोबरीचा येतो. ताशी 100ला टायरचा जोर फारसा बदलत नाही, पण हवेचा चौपट होतो. म्हणजे हायवेवर तुमच्या डिझेलचा मोठा वाटा हवा ढकलण्यात जातो. आता अशा गाडीला दोन इंच वर उचला. वरचा डबा तेवढाच राहतो, पण आतापर्यंत बॉडीच्या आड लपलेले टायरचे भाग, ॲक्सल, सस्पेन्शनचे दांडे हे सगळं वाऱ्याच्या तोंडावर येतं. गाडीखाली जास्त हवा घुसते आणि तिथल्या खाचाखोचांत अडखळते. टायर रुंद असले तर प्रत्येकी आणखी दोन-तीन सेंटिमीटरचा अडथळा. म्हणूनच एअर सस्पेन्शनच्या काही महागड्या एसयूव्ही हायवेवर वेग वाढला की आपोआप खाली बसतात. कोटभर रुपयांची गाडी जी गोष्ट टाळायला वाकते, तीच आपण पैसे देऊन बसवून घेतो.

त्यावर छतावरचा कॅरिअर आणि एलईडी बार असेल, तर विचारूच नका.

टायरचं प्रकरण थोडं वेगळं आहे. दुकानात तुम्हाला एचटी, एटी, एमटी अशी नावं ऐकू येतील. एचटी हायवेसाठी, एमटी चिखलासाठी आणि एटी दोन्हीकडे थोडं थोडं. एमटीचे ते मोठे ठोकळे फोटोत जबरदस्त दिसतात. पण डांबरावर प्रत्येक ठोकळा दबतो, वाकतो, परत सरळ होतो, आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. हायवेवर एमटी टायरचा जो घूंऽऽ आवाज येतो ना, तोही फुकट येत नाही. वजनही वाढतं. मात्र जड चाकाचा फटका जास्त बसतो तो शहरात, जिथे दर सिग्नलला ते चाक थांबवून पुन्हा फिरवावं लागतं. हायवेवर एकसारख्या वेगात वजनाचं तेवढं नाही. तिथे हवा आणि ठोकळे हेच दोन भिडू.

आता मीटर. थारच्या एका मापाच्या टायरवर 255/65 आर 18 असं लिहिलेलं असतं. 255 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 65 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के आणि 18 म्हणजे इंचांत रिम. गणित केलं तर या टायरचा व्यास साधारण 789 मिलिमीटर येतो. त्याऐवजी हौसेने 285/70 आर 17 टाकला, ज्याला दुकानात 'तेहेतीसचा' म्हणतात, तर व्यास होतो 831. म्हणजे सव्वापाच टक्के मोठा. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं. गाडीचा मीटर फेऱ्यांवरूनच अंतर काढतो, आणि चाक बदललंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे तुम्ही खरे 100 किलोमीटर जाता तेव्हा तो 95 दाखवतो.

याचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पहिला तुमच्या बाजूचा. समजा या 100 किलोमीटरला 9 लिटर डिझेल गेलं. मीटर बघून तुम्ही 95 भागिले 9 करता आणि साडेदहाचं ॲव्हरेज म्हणून कपाळाला हात लावता. खरं ॲव्हरेज 11.1 असतं. म्हणजे टायर बदलल्यावर "ॲव्हरेज एकदम पडलं" अशी जी बोंब होते, त्यातला काही भाग निव्वळ मोजण्यातली चूक आहे. मोठे टायर विकणारे हा मुद्दा सांगतात आणि तेवढ्यापुरते ते बरोबर असतात.

दुसरा परिणाम ते सांगत नाहीत. काटा 100वर आहे, पण तुम्ही 105ने चाललाय. कंपन्या मुळात स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवेल असाच ठेवतात, त्यामुळे हा फरक थोडा झाकला जातो. तरी आधी याच 100च्या काट्याला तुम्ही जेवढं पळत होतात, त्यापेक्षा आता 5 टक्के जास्त पळताय, हे राहतंच. आणि वेग 5 टक्के वाढला की हवेचा रोध 10-11 टक्के वाढतो. म्हणजे तुमचा पाय, तुमची सवय, तुमचा काटा सगळं जुनंच, पण गाडी गुपचूप जास्त पिते. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर 100ची मर्यादा पाळतोय या समाधानात असताना चलान आलं, तर कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका.

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो की मोठ्या टायरमुळे इंजिनाचे आरपीएम कमी होतात, मग ॲव्हरेज वाढायला नको का? सपाट रस्ता, कमी वेग आणि दमदार डिझेल इंजिन असेल तर यात थोडं तथ्य आहे. पण आरपीएम कमी झाले तरी हवा आणि टायर ढकलण्याचं काम वाढलेलंच असतं. खंडाळ्याच्या घाटात गाडी लागली की बघा. आधी जो चढ वरच्या गिअरमध्ये निघायचा, तिथे आता एक गिअर खाली टाकावा लागतो. ऑटोमॅटिक असेल तर ती स्वतःच टाकते, तुम्हाला फक्त इंजिनाचं ओरडणं ऐकू येतं.

रुपयांत बघू. समजा, गाडी हायवेवर 13 द्यायची, ती आता 11 देते. हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय. तुमच्या गाडीचा तुम्ही काढा. वर्षाला 15 हजार किलोमीटर आणि डिझेल 90 रुपये धरलं तर 210 लिटर जास्त, म्हणजे जवळपास 19 हजार रुपये. दर वर्षी. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे साडेपाचशे किलोंवर तोही आला. एन्व्हायर्न्मेंटच्या प्रोजेक्टसाठी झाडं लावतानाचा फोटो याच गाडीजवळ काढला असेल, तर तेवढं लक्षात ठेवा. 19 हजार म्हणजे इंटर्नचा किती महिन्यांचा स्टायपेंड, हे मी इथे लिहीत नाही. संपादक हे पान वाचतात.

"पण आम्ही ऑफरोडिंग करतो!" करत असाल तर आदर आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाडी घालणारे खरे हौशी लोक मी पाहिलेत. त्यांच्याशी बोललं तर ते लिफ्टबद्दल कमी आणि टायरमधल्या हवेबद्दल जास्त बोलतात. वाळूत, चिखलात हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड येते. परत डांबरावर आले की हवा पुन्हा भरतात, कारण कमी हवेचा टायर हायवेवर तापतो आणि तेलही जास्त खातो. समुद्रकिनारी रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. गाडी उंच होती म्हणून त्यातल्या किती वाचल्या?

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला माहिती शोधताना सगळ्यात मजेशीर वाटली. तीन दरवाजांच्या थारला मागे सलग ॲक्सल आहे. तुम्ही लिफ्ट किट बसवलं की बॉडी उचलली जाते, पण तो ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा चाकांना धरून जिथल्या तिथे राहतो. दगडाला आधी लागतो तोच. त्याला उचलतो फक्त मोठा टायर, तोही व्यासातल्या फरकाच्या निम्मा. वरच्या उदाहरणात 42 मिलिमीटरचा फरक होता, म्हणजे मागचा गोळा वर गेला 21 मिलिमीटर. पाण्याच्या बाटलीच्या झाकणापेक्षा किंचित जास्त. लिफ्टने चढ-उताराचा कोन सुधारतो, मोठ्या टायरला जागा मिळते, हे खरं. पण "आता गाडी कशावरूनही जाईल" हे खरं नाही. कंपनीची थार मुळातच 226 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स घेऊन येते. आपल्या स्पीडब्रेकरना ते पुरतं, आणि आपले स्पीडब्रेकर काही साधे नसतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये हेच ठामपणे सांगितलं. नंतर सुधारलेल्या कायद्यात बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. "आरटीओवाले काही म्हणत नाहीत" हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीला देऊन बघा.

तरीही टायर बदलायचेच असतील तर आधी जुन्या टायरवर तुमचं खरं ॲव्हरेज काढून ठेवा. टाकी फुल करा, दोनशे-अडीचशे किलोमीटर हायवेवर जा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा. अंतर मीटरवरून घेऊ नका, मोबाइलच्या जीपीएसवरून घ्या. नवे टायर बसल्यावर तोच रस्ता, तोच वेग, पुन्हा हेच. वेगही दोन्ही वेळा मोबाइलवरच बघा. दुकानदाराला विचारा की मीटर कॅलिब्रेट करून देणार का. तो "कशाला हवंय, दादा" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. खरंच महिन्यातून एकदा चिखलात जाणारे असाल, तर एमटीचा सेट वेगळ्या रिमवर घरी ठेवा आणि एरवी कंपनीच्याच टायरवर फिरा. त्यांना काढू नका, विकू तर अजिबात नका. टायरवाला त्यांचे जे पैसे देऊ करतो, ते ऐकून तसंही हसू येतं.