डब्यावरचे नाव पुसताना

रिकाम्या बिअर कॅनपासून कंदील, कर्णफुले, शोभेची विमाने किंवा डोंगरभटक्यांची स्पिरिटवर पेटणारी चिमुकली चूल बनवणाऱ्या हौशी कारागिराला पत्रा हवा असतो, पत्र्यावरची जाहिरात नको असते. मात्र ‘लेबल’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मोडतात, आणि समोरच्या कॅनवर त्यांपैकी कोणती आहे हे न ओळखता सुरू केलेली घासाघीस बहुधा वाया जाते.

पहिली वस्तू म्हणजे उष्णतेने आकसून कॅनला घट्ट बिलगलेली प्लास्टिकची नळी, जिच्या काठावर कटरने हलकीशी चीर दिली की ती कपड्यासारखी उतरते. दुसरी म्हणजे कागदाचा किंवा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा चिकट पट्टा. तो कोमट पाण्याने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राच्या गरम हवेने सैल होतो आणि मागे उरलेला डिंक खाण्याचा सोडा व गोडेतेल यांच्या लगद्याने निघतो. ही दोन्ही वेष्टने मुख्यतः लहान मद्यनिर्मात्यांच्या कॅनवर आढळतात, कारण छापील कॅन एकगठ्ठा फार मोठ्या संख्येने मागवावे लागतात आणि थोडक्या उत्पादनाला ते परवडत नाही.

तिसरी वस्तू म्हणजे थेट धातूवरची छपाई, आणि खरी अडचण तिचीच आहे. अमेरिकेत १९३५ साली विक्रीस आलेला पहिला बिअर कॅन पोलादी पत्र्याचा होता व कूर्स या कंपनीने १९५९ मध्ये ॲल्युमिनियमचा कॅन बाजारात आणला. आजचा कॅन ॲल्युमिनियमच्या चकतीतून खेचून आधी पेल्याच्या आकारात घडवला जातो आणि छपाई त्यानंतर होते. या छपाईत सगळे रंग प्रथम एका रबरी पृष्ठभागावर गोळा होतात, कॅनच्या एकाच फेऱ्यात त्याच्या अंगावर उतरतात, त्यांवर पारदर्शक रोगण चढते आणि मग भट्टीच्या उष्णतेत रंग व रोगण दोन्ही पक्के होतात. अशा रीतीने भाजून घट्ट झालेला लेप पाण्याला किंवा साबणाला दाद देत नाही, आणि नखांचा रंग काढणाऱ्या ॲसिटोनचाही त्यावर सहसा फारसा प्रभाव पडत नाही. भारतात मोठ्या कंपन्यांच्या बिअरचे कॅन बहुतांशी याच छापील प्रकारचे असल्याने येथील कारागिराची गाठ प्रामुख्याने याच लेपाशी पडते.

त्यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे वॉटर पेपर, म्हणजेच पाणी लावून घासण्याचा पॉलिश पेपर. परंतु कॅनच्या मधल्या भागातील पत्रा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असल्यामुळे रिकामा कॅन हातात धरून घासल्यास तो दबतो, चुरगळतो किंवा फाटतो. म्हणून वरचा व खालचा भाग कापून, मधला पत्रा उलगडून सपाट काचेवर चिकटपट्टीने बसवावा आणि बारीक दाण्याचा कागद हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावा, म्हणजे चरे समांतर उठून तेही नक्षीसारखे शोभतात. कापलेल्या कडा पात्यासारख्या धारदार असल्याने जाड हातमोजे अनिवार्य ठरतात.

रासायनिक मार्ग अधिक जलद असला तरी अधिक जोखमीचा आहे. रंग उतरवणाऱ्या जुन्या धाटणीच्या द्रावणांतील डायक्लोरोमिथेनची वाफ बंद खोलीत प्राणघातक ठरू शकते आणि म्हणूनच अमेरिकेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना अशी द्रावणे विकण्यावर बंदी घातली. कॉस्टिक सोडा तर या कामी पूर्णतः वर्ज्य मानावा, कारण तो उघड्या ॲल्युमिनियमलाच खातो व त्या क्रियेत उष्णता आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निर्माण होतो. प्रयोगशाळेत बाहेरचा लेप घासून भरलेला कॅन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवला असता सगळा धातू विरघळतो आणि आतील पेय धरून उभी राहते ती केवळ एक पातळ प्लास्टिकची पिशवी.

ती पिशवी म्हणजे पेयाचा धातूशी संबंध येऊ नये म्हणून कॅनला आतून दिलेला अस्तर-लेप, आणि तो सहसा पारदर्शक असल्यामुळे पत्र्याची आतली बाजू मुळातच चंदेरी, क्वचित किंचित सोनेरी दिसते. त्यामुळे ज्या वस्तूची एकच बाजू दर्शनी असते, तिच्यासाठी लेबल काढण्याऐवजी पत्रा उलटा लावणे पुरते. फुलाच्या पाकळ्यांसाठी किंवा मागून बोथट टोकाने दाबून पुढे नक्षी उठवण्याच्या उठावकामासाठी घासण्याची गरजच उरत नाही. उरलेले तुकडेही रंगासह भंगारात द्यायला हरकत नाही, कारण पुनर्वापराच्या कारखान्यात लेप उष्णतेने जाळूनच काढला जातो, आणि भंगारातून ॲल्युमिनियम मिळवायला खनिजापासून ते काढण्याच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. वॉटर पेपरचे कष्ट राखून ठेवावेत ते विमानाच्या पंखासारख्या, दोन्ही बाजूंनी पाहिल्या जाणाऱ्या कामासाठी.