सुई-दोरा : मशीन बिघडले की दोरा चुकला?

शाबान लागला की या सदराकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांचा विषय बदलतो. एरवी कुणी भरतकामाचे विचारते, कुणी जुन्या ओढण्यांचे काय करावे ते. पण ईद सव्वा-दीड महिन्यावर आली की बहुतेकींची तक्रार एकच असते: मशीन ऐन वेळी रुसले. यंदाही पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातून आलेल्या चिठ्ठ्या अशाच आहेत. त्यांतली एक वाचून जीव हळहळला.

रोह्याजवळच्या गावातल्या या आपांनी शेजारपाजारच्या सात मुलींचे ईदचे जोड शिवायला घेतले आहेत. थोडे पैसे आगाऊ घेतले आणि ते घरखर्चात गेलेही. आता मशीन कापडाखाली दोऱ्याचा गुंता करते. मशीनचे डोके सोडवून, पोत्यात घालून एसटीने बाजारात न्यायला घरात कुणी मोकळे नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, गर्दी आहे, पंधरा दिवस लागतील. आपा विचारतात, “मुलींना कपडे परत करू का?”

आपा, कपडे परत करू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मशीन बिघडलेले वाटत नाही. आधी अर्धा तास काढा आणि खाली लिहिले आहे त्या क्रमाने पाहा. हे उत्तर सगळ्यांच्याच कामाचे आहे, म्हणून सविस्तर देते.

टाका कसा बसतो

हाताने शिवताना एकच दोरा असतो आणि सुईचे भोक मागच्या टोकाला असते. मशीनच्या सुईचे भोक अणकुचीदार टोकाजवळ असते आणि दोरे दोन असतात. सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, तिथे त्याचा फास होतो, आणि बॉबिनचा दोरा त्या फासात अडकतो. अमेरिकेत एलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्यात टोकाशी भोक असलेली सुई होती आणि खालचा दोरा नेणारा धोटा होता. पुढे १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी आपल्या सुधारलेल्या मशीनचे पेटंट घेतले. आपल्या घरातली काळी मशीन याच घराण्यातली.

या दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध बसायला हवी. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असेल तरच ती तशी बसते. रस्सीखेचीत एक बाजू ढिली पडली की गाठ दुसरीकडे सरकते, तसेच इथे होते. म्हणून एक नियम वहीत लिहून ठेवा: कापडाच्या खाली गुंता दिसला तर दोष वरच्या दोऱ्यात शोधा, वरच्या बाजूला फासे दिसले तर खालच्या दोऱ्यात शोधा. बहुतेक भगिनी नेमके उलटे करतात. गुंता खाली दिसतो म्हणून बॉबिन केसचा स्क्रू पिळतात, मग खालचा ताणही बिघडतो आणि एका दोषाचे दोन होतात.

तपासणीसाठी जाड सुती चिंधी घ्या. वर लाल आणि खाली पांढरा दोरा घाला, म्हणजे कोणता दोरा कुठे ओढला जातो ते लगेच दिसेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चिंधीवर चार बोटे शिवून पाहा. शाळेत गणित चुकले की मी मुलांना पहिल्या ओळीपासून मांडणी तपासायला सांगते, तेच इथे करायचे.

पहिले पाहणे : वरचा दोरा

दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. ओवताना कापड दाबणारा फूट वर उचललेला असू द्या. फूट वर असताना टेन्शनच्या दोन चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसतो. फूट खाली ठेवून ओवले की दोरा चकत्यांवरच राहतो, त्याला ताण मिळत नाही आणि खाली जाळे होते. आपांच्या मशीनचे हेच झाले असावे. दोरा ओवून झाला की फूट खाली करा आणि दोरा हलकेच ओढा. हाताला अडथळा जाणवला तर दोरा बरोबर बसला.

वरखाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा गेला आहे ना, तेही पाहा. ते सुटले तरी असाच गुंता होतो. शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवा आणि दोन-तीन टाके पडल्यावर सोडा.

दोरा वारंवार तुटत असेल तर तो दोन्ही हातांनी ताणून बघा. वर्षानुवर्षे पडून राहिलेले रीळ कुजते, विशेषतः आपल्या दमट हवेत. सहज तुटणारा दोरा टाचायला वापरा, शिलाईला नको.

दुसरे पाहणे : सुई

टाके सुटत असतील, म्हणजे दोन टाके पडतात आणि तिसरा गायब होतो, तर आधी सुई बदला. सुईला लांबीभर एका बाजूने खाच असते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने भोकात जातो. चपटी बाजू त्याच्या विरुद्ध असते. सुई उलटी बसली तर टाका पडतच नाही, आणि अर्धवट वर गेली तर टाके सुटतात. म्हणून सुई शेवटपर्यंत वर सरकवून मगच स्क्रू घट्ट करा.

सुई वाकडी आहे का, हे पाहायला तिची चपटी बाजू आरशावर ठेवा. सुई आणि काच यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोक बोथट झाले की कापडात शिरताना टकटक आवाज येतो. साधारण सात-आठ तासांच्या शिलाईनंतर सुई बदलावी. नवी सुई काही रुपयांत मिळते, फाटलेले कापड परत मिळत नाही.

सुईचा नंबर कापडावर ठरतो. जॉर्जेट, शिफॉन, अबायाचे निदा यांना ११ नंबर. सुती कुर्ता-सलवारीला १४. जीन्सला १६ किंवा १८. होजिअरी आणि लायक्रा यांना गोल टोकाची सुई लागते. अणकुचीदार सुई त्यांचे धागे तोडते.

तिसरे पाहणे : बॉबिन

बॉबिन केस बाहेर काढा आणि लहान ब्रशने आतला कापूस झाडा. केसच्या पत्तीखाली दोऱ्याचा एखादा तुकडा अडकला असेल तर खालचा ताण ढिला पडतो आणि वर फासे दिसू लागतात. साफ केल्यावर बॉबिन घालून दोऱ्याने केस हवेत लटकवा आणि हलका झटका द्या. ती बोटभर खाली येऊन थांबली तर ताण ठीक आहे. सरसर खाली आली तर ढिला, हललीच नाही तर घट्ट. तेव्हाच स्क्रूला हात लावा आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. बॉबिनवर दोरा उंचसखल भरला असेल तर पुन्हा भरा.

चौथे पाहणे : तेल

मशीन जड चालत असेल तर हातचाकाच्या मागे आणि बॉबिनच्या खोबणीत दोरा गुंडाळला गेला आहे का ते आधी पाहा. मग तेल द्या. पण खोबरेल नको. आपल्याकडे ते घरात हाताशी असते, म्हणून सर्रास घातले जाते, आणि काही महिन्यांत आतल्या आत चिकट होऊन बसते. मशीनचे पातळ तेलच वापरा, प्रत्येक भोकात एक-दोन थेंब पुरेत. आधीच चिकटलेली मशीन असेल तर रॉकेलचे काही थेंब घालून, दोरा न लावता थोडा वेळ चालवा, घाण पुसा आणि मग तेल द्या. हे चुलीपासून लांब करा. नंतर जुन्या चिंधीवर शिवा, नाहीतर ईदच्या कपड्यावर डाग ठरलेला.

या चार पाहण्यांनंतरही टाका पडत नसेल, किंवा आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर मात्र मेकॅनिककडे न्या. तिथे नुसते “बिघडली” म्हणू नका. काय काय तपासले आणि दोष कोणत्या बाजूला दिसतो, ते सांगा. वेळही वाचतो आणि बिलही.

कपड्यातले दोष

पेणच्या एका भगिनी लिहितात, निदाच्या अबायाला शिवणीवर चुण्या पडतात. बारीक सुई लावा, वरचा ताण थोडा कमी करा आणि टाका थोडा लहान ठेवा. कापड मागून ओढू नका, नुसते सपाट धरा. पुढे नेण्याचे काम मशीनच्या दात्यांचे आहे. तरीही चुण्या राहिल्या तर खाली कोऱ्या पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर ती फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

दुसरी तक्रार मुलींच्या कुर्त्यांची. नमाजला तकबीरसाठी हात उचलले की अख्खा कुर्ता वर येतो, सजद्यात पाठीवर ताण पडतो. आई म्हणते, कुर्ता तंग झाला, पुढच्या वेळी सैल शिवू. पण सैल करूनही तेच होते, कारण दोष घेरात नसून मुंढ्यात आहे. मुंढा खोल कापला की बाही कुशीला बांधली जाते आणि हाताबरोबर कुर्ता ओढते. नवा कुर्ता बेतताना मुंढा अर्धा इंच वर ठेवा आणि बाहीच्या गोलाईची उंची थोडी कमी करून दंडात रुंदी वाढवा. शिवून झालेल्या कुर्त्याला आपल्या आजी-नानींचा उपाय आहेच: चौबगला. बगलेत तीन-चार इंचांचा चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा. जुन्या घेरदार कुर्त्यांत तो असायचा तो याचसाठी, हात मोकळा फिरावा म्हणून.

सलवारीचा पायचा पायाभोवती पिळला जातो, त्याचे कारण बेतण्यात आहे. कापडाचा उभा धागा पायाच्या मधोमध सरळ उतरला पाहिजे. तुकडा वाचवायला पायचा तिरपा बेतला की धुतल्यावर पीळ येतो, आणि तो इस्त्रीने जात नाही. बेतण्याआधी कापडाच्या काठाला समांतर धागा पाहून खडूने रेघ मारा.

गळा मोठा होऊन लोंबतो, कारण गोलाईचा भाग उरेब असतो आणि हाताळताना ताणला जातो. गळा कापल्याबरोबर कडेपासून पाव इंचाच्या आत एक साधी शिलाई मारून ठेवा. आणि गळा आधी हवा त्यापेक्षा लहान कापा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला गळा लहान होत नाही.

कोरे सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेता. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटू शकते. ४४ इंचांचा कुर्ता म्हणजे सव्वा ते दोन इंच आखूड. वाढत्या वयाच्या मुलीला तो बकरी ईदला चढणार नाही.

पावसाळ्याआधी

रायगड जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या चार महिन्यांत मशीन बंद पडून राहिली की गंज धरते. ती खिडकीपासून आणि ओल आलेल्या भिंतीपासून दूर ठेवा. प्लॅस्टिकऐवजी सुती कापडाने झाका, प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडतो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालवा. सुया तेलाचे बोट लावलेल्या कापडात गुंडाळून डबीत ठेवा. पायमशीनचा चामडी पट्टा दमट हवेत सैल पडतो. तेव्हा तो थोडा कापून पुन्हा जोडा, पण इतका ताणू नका की मशीन जड होईल.

शेवटी घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलीला शिवण शिकवताना आपण तिला सरळ शिवायला शिकवतो, पण मशीन उघडू देत नाही. “हात लावू नकोस, बिघडेल,” म्हणतो. मग उद्या तिचे काम अडले की तिला कुणाच्या तरी सवडीची वाट पाहावी लागते. सुई बदलणे, बॉबिन साफ करणे, तेल देणे हे तिला आठवी-नववीतच येऊ द्या. मुलांनाही येऊ द्या. शिंप्याचे काम आपल्या समाजात पुरुषांनीही पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आपा, चारही पाहण्या करून काय झाले ते कळवा. सातही जोड चाँदरातीच्या आधी होतील, इन्शाअल्लाह. पुढच्या अंकात पायच्याची पट्टी आणि नेफा सुबक कसा बसवावा, ते पाहू.