पुरवणी वाचायची कुणी?

परीक्षेत उत्तरपत्रिकेला दोऱ्याने पुरवणी बांधतात. ती तपासायची राहिली, तर पालक बोर्डाच्या दारात जाऊन बसतील. संगणकांच्या राज्यात मात्र ‘पुरवणी दिसलीच नाही बुवा’ हे रीतसर वागणं समजलं जातं. माझं भांडण आहे ते याच्याशी.

गूगलने 2008 साली ‘प्रोटोकॉल बफर्स’ सर्वांना खुले केले. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला निरोप कसा धाडावा, याचा हा जणू छापील फॉर्म. प्रत्येक रकान्याला नंबर. फॉर्म आखणारा समंजस असला तर ‘100 ते 199 पुढच्यांसाठी’ असं लिहून ठेवतो. हेच ते एक्स्टेन्शन. त्यात माहिती भरणं एका ओळीचं काम. गॅलरी बंद करून खोली वाढवावी तितकं सोयीचं, आणि शेजारी तक्रारही करीत नाहीत!

पण निरोप उघडणाऱ्याचं काय? जावात लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या हाती आधी ओळखीच्या पुरवण्यांची यादी द्यावी लागते. ती दिली नाही तर तो ओरडत नाही की अडत नाही. पुरवणी गुपचूप ‘अनोळखी’च्या फडताळात टाकतो. आता समजा, रकाना आहे ‘पेनिसिलिनची ॲलर्जी आहे?’ पाठवणाऱ्याने ‘हो’ भरलं. यादीविना उघडणाऱ्याने तोच रकाना विचारला, तर उत्तर येतं ‘नाही’. ‘ठाऊक नाही’ नव्हे हो, चक्क ‘नाही’! वेगळं काही ठरवलेलं नसलं, तर रिकाम्या रकान्याचं उत्तर तेच धरायचं, असा नियम आहे.

जाणकार म्हणतात, “अहो, नवा रकाना आला म्हणून जुना प्रोग्रॅम बंद पाडायचा?” नका पाडू! आवडत्या रंगाची पुरवणी खुशाल फडताळात जाऊ द्या. पण ॲलर्जीची? वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या एक्स.509 प्रमाणपत्रांनाही पुरवण्या असतात. तिथे पुरवणीवर ‘क्रिटिकल’ अशी खूण करता येते. ती पुरवणी कळली नाही, तर अख्खं प्रमाणपत्रच नाकारायचं. म्हणजे अक्कल जगात उपलब्ध आहे!

प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीने एक्स्टेन्शनला जवळजवळ घराबाहेर काढलं, 2023च्या एडिशनने परत आत घेतलं. एवढी ये-जा झाली, पण त्या एका खुणेला काही जागा मिळाली नाही. तेव्हा ॲलर्जीचा रकाना आपला पहिल्यापासून मूळ फॉर्मातच छापावा. आवडता रंग पुरवणीत जाऊ दे.