ह्युमिडिफायर नको, खिडकी उघडा



आपल्या रविवार पुरवणीत हिवाळ्यातल्या फ्लूवर लेख आला आहे. घरातली आर्द्रता ४० ते ६० टक्के राहावी म्हणून ह्युमिडिफायर घ्या, विशेषतः घरात लहान मूल असेल तर घ्याच, असा सल्ला त्यात आहे. लेखातले विज्ञान खोटे नाही. पण ते ज्या घरांना लागू पडते ती घरे आपली नाहीत, आणि वाचकांना नेमके हेच सांगायचे राहून गेले.

हा सल्ला मुळात आला कुठून? २००७ साली न्यूयॉर्कमधल्या शास्त्रज्ञांनी गिनीपिगवर प्रयोग केले. २० अंश तापमानाला, २० आणि ३५ टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत फ्लू एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज गेला. ८० टक्क्यांना अजिबात गेला नाही. कोरड्या हवेत नाकातला ओलावाही कमी होतो आणि विषाणू बाहेर ढकलण्याचे श्वासमार्गाचे काम मंदावते. हे सगळे मान्य. आता टोरंटोमधल्या एखाद्या घराचा विचार करू. बाहेर उणे १० अंश. अशा थंड हवेत घनमीटरमागे जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता १८ ग्रॅमच्या वर जाते, पण बाष्प तेवढेच राहते. आर्द्रता येते १२-१३ टक्क्यांवर. ओठ फुटतात, नाकातून रक्त येते. तिथल्या आपल्या लेकी-सुनांनी ह्युमिडिफायर लावला तर तो शहाणपणाच आहे.

नाशिकला जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांवर असतो, हवा बऱ्यापैकी ओलसर असते. घनमीटरला साधारण साडेसात ग्रॅम बाष्प धरा. घरात आपण भट्टी पेटवत नाही. खोली फार तर २० अंशांची. म्हणजे काहीही न करता आर्द्रता ४० च्या पुढे भरते. वर पोळ्या-भाताची वाफ, रोज पुसली जाणारी लादी, दांडीवर वाळणारे कपडे आणि खोलीत झोपलेल्या माणसांचा श्वास. दुपारी बाहेरची हवा कोरडी होते हे खरे, विदर्भात तर खूपच. पण मुलाचा घसा कोरडा पडत असेल तर पाणी पाजावे, नाकात सलाईनचे थेंब घालावेत, खोलीत एक ओला टॉवेल टांगावा. त्यासाठी यंत्र लागत नाही.

यंत्राने काय होते ते मी नात्यातल्याच एका घरी पाहिले. तान्हे बाळ, म्हणून खिडक्या घट्ट बंद, दाराखाली टॉवेल कोंबलेला आणि कोपऱ्यात ह्युमिडिफायर रात्रभर चालू. मी आर्द्रतामापक टेबलावर ठेवला, तर काटा पंचाहत्तरीच्या पुढे. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. लाकडी कपाट भिंतीपासून ओढले, तर मागे बुरशीचे काळे ठिपके, बोट लावले की रंगासकट पोपडा हातात येई. ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की बुरशी धरतेच, गादी-उशीतले धुळीचे कीटकही वाढतात, आणि दमेकऱ्याला दोन्ही बाधतात. ह्युमिडिफायरची टाकी रोज धुऊन कोरडी केली नाही तर तिच्यातले जंतूही फवाऱ्याबरोबर खोलीभर होतात. टाकीत औषध घालून ती निर्जंतुक ठेवावी, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. दक्षिण कोरियात नेमके हेच केले गेले. त्या रसायनाने फुप्फुसे निकामी होऊन शेकडो माणसे दगावली, त्यांत मुले आणि गरोदर बायका होत्या. २०११ साली कारण उघडकीला आले तोवर ते रसायन वर्षानुवर्षे घरोघरी वापरात होते.

माझा खरा आक्षेप मात्र याहून मोठा आहे. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास. दुसरी, बहुधा लहान, हिवाळ्याच्या उत्तरार्धात. २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसाळ्यात. हवेत पाणी असल्याने फ्लू थांबत असता तर त्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा बंद ठेवाव्या लागल्या नसत्या. वर सांगितलेल्याच न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले होते की ३० अंशांच्या उबदार हवेत दुरून होणारी लागण थांबली, तरी एकाच पिंजऱ्यात राहणाऱ्या प्राण्यांमध्ये ती चालूच राहिली. आपली घरे तशीच दाटीवाटीची आहेत. पाऊस लागला की आपण दारे-खिडक्या लावून घेतो, थंडी पडली की पुन्हा लावून घेतो, आणि आजारी माणसाने बाहेर टाकलेली हवा सगळे घर रात्रभर आत ओढत राहते.

म्हणून खिडकी उघडी हवी. समोरासमोरच्या दोन असतील तर उत्तम, एकच असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा. ‘वारं बाधेल’ ही आजीची काळजी मी समजू शकते. तिला उत्तर कानटोपी, स्वेटर आणि गोधडी हे आहे. गारवा कपड्यांनी अडवावा, हवा अडवू नये. बंद खोलीत बाळाला ओवा-लोबानाची धुरी देणे आणि रात्रभर शेगडी ठेवणे हे तर ताबडतोब थांबायला हवे. शेगडीच्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. ज्याला ताप-खोकला आहे त्याने वेगळे झोपावे, मास्क लावावा. वृद्ध, गरोदर, मधुमेही किंवा दमेकरी माणसाला फ्लूची लक्षणे दिसली तर वाफाऱ्यात दिवस न घालवता डॉक्टरांकडे न्यावे, कारण फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते.

आणि लस. ती सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते, अंगी लागायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि तिचा जोर काही महिन्यांत ओसरू लागतो. जागतिक आरोग्य संघटना तिचे घटक वर्षातून दोनदा ठरवते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी आपली मोठी लाट पावसाळ्यातली, त्यामुळे काश्मीरसारखा भाग सोडला तर लस पावसाळ्याआधी घेणे सोयीचे. युरोप-अमेरिकेचे वेळापत्रक पाहून ऑक्टोबरात लस घेणारा माणूस आपला मुख्य हंगाम लशीविना काढून बसलेला असतो. ह्युमिडिफायरला जे पैसे पडतात तेवढ्यात घरातल्या निदान एका म्हाताऱ्या माणसाची लस होते.

फ्लूवरचे लेख आपण दर डिसेंबरात छापता. माझी विनंती आहे की येत्या एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू होण्याआधी, पावसाळी फ्लू आणि त्याच्या लसीवर एक लेख पहिल्या पानावर द्यावा, आणि त्यात लस कुठे मिळते, किती रुपयांना मिळते व कोणी आधी घ्यावी हे स्पष्ट लिहावे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, नाशिक