सी ड्राइव्हमधले पोटभाडेकरू

जुना तांदूळ वाणी जास्त भावाने विकतो. जुना गूळ वैद्य मुद्दाम मागवतात. लोणचे तर जुने होतच नाही, ते मुरते. घरातली एकच वस्तू अशी आहे की तिला दहावे वर्ष लागले, की सगळी मंडळी तिच्याकडे, मुक्काम वाढवलेल्या पाहुण्याकडे पाहावे तशी पाहू लागतात. ती म्हणजे संगणक. "फार स्लो झालाय हो", "डिस्क फुल दाखवतोय", "आता याला काढा आणि नवा घ्या" ही तीन वाक्ये ज्याने ऐकली नाहीत, त्याने एक तर संगणक कालच घेतलेला असतो, किंवा त्याच्याकडे कोणी येत-जात नसते.

या तिन्ही वाक्यांविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी आज लेखी नोंदवतो आहे. संगणक म्हातारा झालेला नाही. त्याच्या घरात माणसे फार झाली आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत अठरा जण राहू लागले, तर आपण खोलीला म्हातारी म्हणत नाही. अठरांतले भाडे न देणारे किती, ते आधी मोजतो.

आमचा संगणक २०१३ सालचा. डबा वेगळा, पडदा वेगळा, असा टेबलावर ठेवायचा. ५०० जीबीची हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम. डिस्कचे दोन भाग केलेले, सी आणि डी. (ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीच्या खाचांसाठी राखलेली होती. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण डिस्कची सुरुवात अजून सी पासूनच होते. एकदा दिलेले आरक्षण काढून घेण्याची कोणाची छाती आहे?) त्यातला सी म्हणजे शंभर जीबीची खोली. दोनएक वर्षांपूर्वी तिची निळी पट्टी लाल झाली. आमच्या उपनगरातल्या एका दुकानदाराने (नाव सांगत नाही, त्याचाही संसार आहे) डबा न उघडताच निकाल दिला, "काका, याच्यात आता राम नाही." रॅम होती, ती चार जीबी. पण ती बघायला डबा उघडावा लागतो.

दुकानदाराचे सोडा, तो विकायलाच बसला आहे. पण आमचे चिरंजीव याच धंद्यात आहेत, हैदराबादला. तेही फोनवर म्हणाले, "बाबा, कशाला त्याचा जीव काढता? नवा घ्या, मी पैसे पाठवतो." तेव्हा मात्र मी चष्मा पुसून कामाला लागलो. प्रश्न पैशांचा नव्हता. बँकेत सदतीस वर्षे दुसऱ्यांच्या खात्यांतली पै न् पै जुळवलेल्या माणसाला, आपल्याच घरातली शंभर जीबी जागा कोणी खाल्ली हे कळू नये?

हिशोबाला बसल्याबरोबर पहिली तूट दिसली. खोक्यावर ५०० जीबी आणि संगणकात एकूण ४६५. मधले ३५ कुठे गेले? कुठेच नाहीत. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने. जीबीपर्यंत पोचता पोचता फरक सात टक्क्यांच्या वर जातो. आमच्या आजोबांच्या वेळी कच्चा शेर आणि पक्का शेर असे, त्यातलीच ही गंमत. गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो तो नेहमी कच्चा, एवढे त्या काळापासून ठरलेले दिसते.

आता जीबी जीबी म्हणजे नेमके किती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. मी माझ्यापुरते एक माप केले आहे. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांवर ओव्या. एका ओवीत अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या मिळून शंभर खुणा धरा. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे अख्खी ज्ञानेश्वरी तीन एमबीच्या आतबाहेर बसते, आणि एका जीबीत जवळजवळ साडेतीनशे ज्ञानेश्वऱ्या मावतात. (माउलींनी क्षमा करावी. बँकेतल्या माणसाला कशाचे तरी माप केल्याशिवाय चैन पडत नाही.) या मापाने माझे स्वतःचे लिखाण किती निघाले? सगळी पत्रे, सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते, पाणीपट्टीबाबतचा पत्रव्यवहार आणि सौ.च्या वड्यांची कृती धरून दीड ज्ञानेश्वरी. फोटो आणि लग्नाची चित्रफीत डी मध्ये. मग सी मध्ये राहत होते कोण?

हा प्रश्न पडणारा मी पहिला नव्हे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात ८० एमबीची एक डिस्क चौदा जण मिळून वापरत आणि ती सारखी भरे. कोण किती जागा खातो हे एका नजरेत दिसावे म्हणून तिथल्या बेन श्नायडरमन या प्राध्यापकांनी अख्खी डिस्क एका चौकोनात काढली आणि ज्याचे सामान मोठे त्याचा चौकोन मोठा, अशी आत वाटणी केली. याला ट्रीमॅप म्हणतात. आमच्या चाळीतही चौदा बिऱ्हाडांत एक नळ होता, पण त्यातून जगाला काही मिळाले नाही. विनडिरस्टॅट नावाचा एक फुकट प्रोग्रॅम ट्रीमॅप काढून देतो. तो चालवला आणि पडद्यावर रंगीबेरंगी गोधडी पसरली. आणि मग एकेक पोटभाडेकरू ओळखू यायला लागले.

पहिले गृहस्थ हायबरफिल. संगणक गाढ झोपवला, तर जागे झाल्यावर आपण कुठे होतो ते त्याला आठवावे, म्हणून रॅममधला मजकूर ज्यात उतरवून ठेवायचा ती ही फाइल. विंडोज १० मध्ये ती साधारणपणे रॅमच्या चाळीस टक्के जागा धरून बसते. ४ जीबी रॅम असेल तर साडेपाचशे ज्ञानेश्वऱ्या. ज्या घरात संगणक रात्री रीतसर बंद करून वर भरतकामाचा रुमाल घालतात, तिथे या गृहस्थांचे काम काय? पॉवरसीएफजी नावाची एका ओळीची आज्ञा दिली की ते निमूट बाहेर पडतात. (त्यांच्याबरोबर संगणक चटकन सुरू होण्याची एक सोयही जाते. जाऊ दे. मी तेवढ्यात चहा टाकतो.)

दुसरे बिऱ्हाड विंडोज डॉट ओल्डचे. मोठी नवी आवृत्ती बसली की आधीची आवृत्ती या नावाने तशीच मागे ठेवली जाते, न जाणो परत जावेसे वाटले तर. ही मंडळी त्यातल्या त्यात सभ्य, दहा दिवसांनी आपण होऊन जातात. शिवाय २०१९ च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांत पुढच्या सुधारणांसाठी सुमारे सात जीबी जागा राखून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. सरकारी विश्रामगृहात मंत्रीमहोदयांसाठी एक खोली कायम कुलूपबंद असते, तशी. मंत्रीमहोदय येवोत न येवोत, तुम्ही व्हरांड्यात झोपायचे. मग टेम्प, म्हणजे तात्पुरते. आपल्याकडे सर्वांत जास्त काय टिकते, तर तात्पुरते म्हणून घातलेले पत्रे. एका छपाईयंत्राबरोबर आलेला मदतनीस प्रोग्रॅमही सापडला. छपाईयंत्र २०१८ साली भंगारात गेले, मदतनीस दीडशे ज्ञानेश्वऱ्या अडवून रोज सकाळी कामावर हजर. आणि नातेवाइकांच्या सुप्रभातांबद्दल मी लिहीत नाही. घरात राहायचे आहे.

इथे एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. ट्रीमॅपमध्ये विनएसएक्सएस नावाचा एक अवाढव्य चौकोन दिसतो आणि हात शिवशिवतात. त्याला हात लावू नये. त्यातल्या पुष्कळ फाइली दोन ठिकाणी दिसतात, पण जागा एकदाच घेतात. एकाच ठेवीची नोंद दोन पासबुकांत असावी तसे. दिसतो तेवढा तो नसतो. तो झाडायचा तर विंडोजच्या स्वतःच्याच 'डिस्क क्लीनअप'कडून झाडून घ्यावा. आणि 'एका क्लिकमध्ये संगणक तिप्पट वेगवान' असे सांगणारे जे वैदू येतात, त्यांना दारातूनच वाटेला लावावे. हे लोक आधी फुकट नाडी बघतात, बाराशे चुका सापडल्या म्हणून सांगतात आणि काढायचे पैसे मागतात. माझ्या सासऱ्यांच्या कानातून असाच एकाने पंढरपूरच्या जत्रेत खडा काढून दाखवला होता.

झाडलोट झाली आणि सी मध्ये ३८ जीबी मोकळे झाले. पण माझे खरे भांडण जागेपुरते नाही. ते या घराचा मालक कोण याबद्दल आहे. १९९५ साली विंडोज ९५ ला पन्नास-पंचावन्न एमबी लागत, म्हणजे अठरा ज्ञानेश्वऱ्या. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने किमान ६४ जीबी मागितले, म्हणजे बावीस हजार. आता मला सांगा, मी १९९५ साली पत्र लिहीत होतो, आजही पत्रच लिहितो. माझे पत्र काही बाराशे पटींनी सुधारलेले नाही. सोसायटीचे सचिव साक्ष देतील.

शिवाय घर आपले म्हणावे, तर खुर्ची हलवायची चोरी. विंडोज ९५ पासून खालची ती पट्टी उचलून वर किंवा कडेला लावता येत असे. विंडोज ११ आले तेव्हा ही सोयच काढून टाकली होती आणि सुरुवातीचे बटण डावीकडून मध्ये आणून बसवले होते. उद्या कोणी येऊन आमचे देवघर उचलून दिवाणखान्याच्या मध्यावर ठेवले आणि "यूजर एक्स्पीरियन्स सुधारला" असे सांगितले, तर आमची ही त्याला ताटावर बसवणार आहे का? जुन्या संगणकात मी अक्षर मोठे केले, खिडक्यांचे सरकणे-विरघळणे बंद केले, संगणक सुरू होताना आपोआप उठणाऱ्या सतरा प्रोग्रॅमांपैकी चौदा झोपवले. चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियात टिपलेली ती हिरवी टेकडी एक्सपीपासून आम्ही बघत आलो. ती उतरवून तिथे गावच्या आमच्या वाड्याचे पडके जोते लावले. फोल्डरांना माळा, कोठीची खोली, देवघर अशी नावे दिली. देवघरात मुदत ठेवींचे कागद आहेत. आता सौ.लाही न विचारता सापडतात. "अहो, तुमच्या माळ्यावरची लाईट बिलं काढून द्या" म्हणते आणि शेजारी गोंधळतात.

इतके झाल्यावर १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. वर्षभराची सुरक्षेपुरती मुदतवाढ जाहीर झाली होती, पण मुदतवाढ म्हणजे निवृत्तीच, फक्त निरोपसमारंभ लांबलेला. विंडोज ११ वर जावे तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चकती हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. म्हणजे यंत्र धडधाकट असो, कामसू असो. पत्रिका जुळत नाही. सुरक्षेचे काय, असे विचारणाऱ्याचे चूक नाही. ज्याची दुरुस्ती थांबली अशा प्रणालीवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी बँकवालाच सांगतो. माझा राग आहे तो त्यानंतरच्या उडीवर. प्रणाली निवृत्त झाली म्हणून यंत्र भंगारात का? किल्लेदार बदलला म्हणून कोणी किल्ला पाडला आहे काय?

प्रणाली बदलता येते. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने जिचा गाभा लिहिला, त्या लिनक्सच्या कितीतरी आवृत्त्या फुकट मिळतात. लिनक्स मिंट २ जीबी रॅम आणि २० जीबी जागेत उभी राहते. ४ आणि १०० असतील तर ऐसपैस. हे काही आडवळणाचे वेड नव्हे. केरळातल्या सरकारी शाळांतून मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकत आली आहेत. दहावीची पोरे जे चालवतात ते निवृत्त माणसाला जमणार नाही, हे मानायला मी तयार नव्हतो. लॅमिंग्टन रोडवर जाऊन (त्याला डॉ. भडकमकर मार्ग म्हणावे, पण तसे म्हटले तर टॅक्सीवाला नेत नाही) २४० जीबीची एसएसडी आणि चार जीबी रॅम आणली. तीन हजारांच्या आत काम झाले. जुन्या डिस्कची तबकडी मिनिटाला कित्येक हजार गिरक्या घेऊन हव्या त्या फाइलीपर्यंत पोचे. एसएसडीत फिरणारे काही नसतेच. ज्याला 'राम नाही' म्हणून निकालात काढले होते, तो संगणक आता माझा चहा उकळायच्या आत तयार असतो, ही एक नवीच अडचण झाली आहे. पट्टी मी डाव्या बाजूला उभी लावली आहे. कोणाची परवानगी लागली नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले तेव्हा वर्तमानपत्रांनी ही कल्पना परदेशातून आल्यासारखे लिहिले. कल्हईवाला, खुर्च्यांना वेत विणणारा, स्टोव्हच्या पिना करणारा, रफूवाला यांना हे नाव कोणी सांगितले नव्हते एवढेच. ई-कचऱ्याचे नियमही २०२२ सालीच नव्याने झाले. ते वाचून मला एवढेच वाटले, की जो कचरा अजून झालेलाच नाही त्याला निदान थोडे दिवस नियमाबाहेर राहू द्यावे.

जुनी ५०० जीबीची डिस्क मी फेकली नाही. पुसून, पुन्हा मांडून, डब्यात दुसऱ्या क्रमांकावर बसवली; तिच्यात तीनशेहून अधिक जीबी मोकळे आहेत. मागच्या रविवारी चिरंजीवांचा फोन आला. त्यांचा नवा लॅपटॉप २५६ जीबीचा, वर्षभरात भरला. थोडा वेळ हवापाण्याचे बोलून झाल्यावर म्हणाले, "बाबा, तुमच्याकडे जागा आहे ना? माझं थोडं सामान ठेवू का?" मी म्हटले, ठेव की. पण आधी अनामत रक्कम, आणि करार अकरा महिन्यांचा.