शेततळ्यात मांगूर नको



ऊस विकास खात्याने माशांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हल्ली आम्ही गटात फेरीला आलो की शेततळ्याच्या बांधावर हटकून प्रश्न येतो, "साहेब, मांगूर सोडू का? झपाट्यानं वाढतो म्हणत्यात."

वाढतो, हे खरे. पण हा आफ्रिकी मांगूर म्हणजे आपला देशी मागूर नव्हे. तो हवेतूनही श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे पाणी गाठतो आणि तिथले लहान मासे फस्त करतो. म्हणूनच केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली.

तळे आपले खरे. पण पावसाळ्यात ते भरून वाहिले की पाणी ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो. नदीकाठच्या भोई बांधवांचे पोट त्याच नदीवर आहे. काणी लागलेले उसाचे बेट आपण उपटून जाळतो. नदीत गेलेला मांगूर कोण उपटणार?

बेणे पारखून घेता, तसे मत्स्यबीजही घ्या. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी चरतो. तिघांचे भांडण नाही. पैसा थोडा सावकाश येईल, पण शेजाऱ्याचा शाप लागणार नाही.