देणगी दिली, वह्या केव्हा देणार?

विद्यादानासाठी थैली मोकळी करणे ही आपल्या व्यापारी समाजास नवी गोष्ट नाही. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि तिच्या प्रेरणेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव येथे विद्यार्थ्यांची बोर्डिंगे उभी राहिली. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहून शिकली व नावारूपास आली. आज त्याच घरांतील मुले-मुली व्यवस्थापनशास्त्राच्या मोठमोठ्या संस्थांत प्रवेश मिळवितात आणि त्यांची छायाचित्रे या स्मरणिकेत छापताना आम्हांस मनापासून धन्यता वाटते. परंतु ही मुले तेथे जे शिकतात त्याचे व आपल्या पेढ्यांचे नाते काय, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय? आज आम्ही तोच सभासदांपुढे मांडू इच्छितो.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजेच आयआयएम, डिसेंबर १९६१ मध्ये स्थापन झाली. केंद्र शासन, गुजरात राज्य शासन आणि उद्योगपती अशा तिघांच्या सहकार्यातून ती उभी राहिली. तिच्या उभारणीत दोन नावे अग्रभागी होती : शास्त्रज्ञ डॉ. विक्रम साराभाई आणि गिरणीमालक शेठ कस्तुरभाई लालभाई. दोघेही अहमदाबादच्या जैन घराण्यांतील. कस्तुरभाईंचा जन्म १८९४ चा. पितृनिधनामुळे त्यांस कोवळ्या वयातच महाविद्यालय सोडून गिरणीचा कारभार पाहावा लागला. ज्यांस स्वतःस पदवीपर्यंत पोहोचता आले नाही त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी उच्च विद्येचे मंदिर उभारण्यास साहाय्य करावे, यातच त्या पिढीची थोरवी दिसते.

परंतु आम्हांस त्यांच्या दातृत्वाहून त्यांचा संयम अधिक अनुकरणीय वाटतो. अभ्यासक्रम, प्रवेश व परीक्षा यांचे निर्णय अध्यापकांच्या हाती असावेत, हे तत्त्व या संस्थेने आरंभापासून जपले. १९६५ मध्ये रवि मथाई हे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. १९७२ मध्ये त्यांनी ते पद आपण होऊन सोडले आणि त्याच संस्थेत ते साधे प्राध्यापक म्हणून राहिले. पुढे राजस्थानातील जवाजा येथे विणकर व चर्मकार यांच्यामध्ये बसून, त्यांचा धंदा त्यांच्याच हिमतीवर कसा उभा राहील, याचा प्रयोग त्यांनी केला. खुर्ची मोठी की काम मोठे, याचे याहून स्पष्ट उत्तर दुसरे कोणते असणार!

आता या संस्थेत शिकवितात कसे, ते पाहू. आरंभीच्या वर्षांत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय विद्यालयाचे साहाय्य तिला लाभले आणि त्याबरोबर तेथील अध्यापनपद्धतीही आली. या पद्धतीत केवळ पाठ्यपुस्तक पाठ करून चालत नाही. एखाद्या खऱ्या व्यवसायावर आलेला खरा प्रसंग, त्याच्या आकड्यांसह व अडचणींसह, लिहून काढतात. त्यास ‘केस’ म्हणतात. माल पडून आहे, पतपुरवठा आटला आहे, दोन भागीदारांचे मत जुळत नाही. अशा वेळी मालकाच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, असे विद्यार्थ्यास विचारतात. मुनीमजींच्या हाताखाली उमेदवारी करताना जे शिक्षण मिळे त्याचेच हे रूप होय. भेद इतकाच की मुनीमजींपाशी एका पेढीचा अनुभव असे, येथे शेकडो पेढ्यांचा असतो.

मात्र हे शेकडो अनुभव येतात कोठून? ते व्यावसायिकांनीच द्यावे लागतात. ज्याने आपले दार उघडले, आपले आकडे दाखविले, आपली चूक कबूल केली, त्याचीच ‘केस’ वर्गात जाते. मोठ्या कंपन्या हे करतात, म्हणून मोठ्या कंपन्याच शिकविल्या जातात. आडतीचे दुकान, भुसार मालाची पेढी, तंबाखूची वखार, सराफी, कापडाची घाऊक बाजारपेठ यांची दारे बंद राहिली तर ती वर्गातही बंदच राहणार. मग आपला मुलगा दोन वर्षे शिकून परत येतो आणि वडिलांच्या दुकानात त्यास सर्व काही जुनाट वाटते. आपण त्यास दोष देतो. परंतु वडिलांचा व्यवहार हाही अभ्यासाचा विषय आहे, हे त्यास कोणी दाखविले होते काय?

आपल्या सीमाभागापुरते बोलावयाचे तर अभ्यासाची सामग्री आपल्या माळ्यांवर धूळ खात पडली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कोल्हापूर, इचलकरंजीची गिऱ्हाइके एका दिवसात परराज्यातील झाली. विक्रीकर निराळा, तपासणी नाके निराळे, कचेरीची भाषा निराळी. त्या वर्षी कोणत्या पेढीने व्यवहार आवरला, कोणी सीमेपलीकडे दुसरे दुकान थाटले, कोणी जुन्या ओळखीच्या बळावर उधारी चालू ठेवली? पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याराज्यांतील विक्रीकराच्या भिंती बऱ्याच अंशी पडल्या. या एकसष्ट वर्षांत सीमेवरील व्यापाऱ्याने काय सोसले व काय साधले, याचे उत्तर भाषणांत सापडणार नाही; ते रोजकीर्दीत आणि खतावणीत आहे. १९७२ च्या दुष्काळात कोणाची बाकी माफ झाली व कोणाची लांबणीवर गेली, हेही तेथेच आहे.

आणि या वह्यांचे आपण काय करतो? गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयाच्या एका पेढीची वास्तू नव्याने बांधावयाची ठरली. तीन पिढ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या माळ्यावरून खाली आल्या. त्यांतील प्रत्येकीची कधी काळी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हळदकुंकू वाहून पूजा झाली होती. त्या सर्व रद्दीच्या काट्यावर गेल्या. आम्हांस कळले तेव्हा टेंपो निघून गेला होता. त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाही. ‘कोणास हव्यात म्हणून ठेवू?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तुलनेसाठी पुन्हा अहमदाबादकडे वळू. लुई कान या विख्यात वास्तुविशारदाने तेथील विटांच्या इमारती रचल्या. डिसेंबर २०२० मध्ये अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा विचार संस्थेने जाहीर केला, तेव्हा देशोदेशींच्या जाणकारांनी निषेध नोंदविला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतरही तो वाद शमला नाही. विटांसाठी जग बोलले, हे योग्यच झाले. पण पेढीची शंभर वर्षांची स्मृती काट्यावर चढते तेव्हा हळहळणारा एकही मनुष्य नसावा, हे योग्य म्हणता येईल काय?

याच संस्थेत व्यवसायाच्या इतिहासासाठी कस्तुरभाईंच्या नावाचे अध्यासन निर्माण झाले. त्यावरील प्राध्यापक द्विजेंद्र त्रिपाठी यांनी १९८१ मध्ये कस्तुरभाईंच्या उद्योजकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे भारतीय व्यापाराचा विस्तृत इतिहासही लिहिला. हा मार्ग आपणांसही मोकळा आहे. दालनावर नावाची पाटी लावण्यासाठी जेवढा उत्साह आपण दाखवितो त्याच्या चतुर्थांश उत्साह येथे पुरेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. वही उघडली म्हणजे ऋणकोचे नाव उघडे पडते, भागीदाराचा तंटा चव्हाट्यावर येतो. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे हा एक आहे आणि साकारमंत्रभेद म्हणजे दुसऱ्याचे गुपित फोडणे हाही एक आहे. दोन्ही सांभाळावयाचे तर काय करावे? व्यवस्थापनाच्या शाळांनी यावर तोड काढली आहे. व्यावसायिकाची संमती घेतल्यावाचून केस वर्गात नेत नाहीत, आणि आवश्यक तेथे नावगाव बदलतात. नावे झाकावी, आकडे खरे ठेवावे. आकडेही बदलावयाचे असतील तर वही न दिलेली बरी.

दुसरी अडचण मनाची आहे. नफ्याची कथा आपण सांगू. दिवाळ्याची सांगणार नाही. तथापि नवशिक्यास तीच अधिक उपयोगी असते. ज्या पेढीने एकाच आडत्यावर भार टाकून धक्का खाल्ला, तिची हकीकत दहा मुलांस सावध करील.

२०१७ च्या कायद्याने, जो जानेवारी २०१८ पासून अमलात आला, या संस्थांस पदवी देण्याचा अधिकार व मोठी स्वायत्तता दिली. २०२३ च्या दुरुस्तीने राष्ट्रपतींस त्यांचे अभ्यागत नेमले आणि संचालकांच्या नियुक्तीत शासनाचा शब्द पुन्हा वजनदार झाला. संस्था कोणाच्या ताब्यात असावी, हा वाद विद्वान करतील. आपल्या हाती आहे ते असे की, तेथे शिकविल्या जाणाऱ्या सामग्रीत आपला खरा अनुभव असावा.

म्हणून आमची संघापुढे साधी सूचना आहे. संघाच्या वास्तूतील एक कोरडी खोली व चार लोखंडी कपाटे यासाठी राखावी. सभासदांनी जुन्या वह्या तेथे ठेवाव्या. मालकी त्यांचीच राहील, आणि त्यांच्या लेखी अनुज्ञेवाचून कोणास पाहावयास मिळणार नाहीत. मोडी व महाजनी अक्षर वाचणारे वृद्ध अजून आपल्यांत आहेत; ते आहेत तोवर यादी करून घ्यावी. व्यवस्थापन शिकणाऱ्या आपल्या मुलांनी सुटीत घरी आल्यावर आजोबांच्या पेढीतील एक प्रसंग लिहून काढावा. आम्ही तो पुढील स्मरणिकेत आनंदाने छापू.

येत्या लक्ष्मीपूजनास नवी वही पाटावर मांडताना एक जुनी वहीही शेजारी ठेवावी, आणि पाडव्यानंतर ती संघाच्या कार्यालयात पोहोचवावी, एवढीच सर्व सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.